आज वातावरण स्थिर

३ एप्रिल

बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली ही डायरी दोन वर्षं ट्रंकेत पडून होती. आज काढली, कारण आजपासून मला नोकरी आहे. दोन महिन्यांचीच आहे, पण नोकरी ती नोकरी.

झालं असं की पुण्याहून हवामानाचा अभ्यास करणारी मंडळी आमच्या तलवाड्यात आली आहेत. उन्हाळ्यात आमच्याकडे एवढ्या गारा का पडतात, वादळ एकाच गावावर का फुटतं आणि शेजारच्या गावाला थेंबही का मिळत नाही, हे त्यांना शोधायचं आहे. त्यासाठी शाळेच्या मैदानावरून रोज पहाटे पाच वाजता मोठा फुगा सोडायचा. आरोही मॅडम त्यांच्या प्रमुख. त्यांना गावातलीच, शास्त्र शिकलेली मदतनीस हवी होती. गेवराईच्या कॉलेजात बीएस्सी करून दोन वर्षं मेंढरांच्या लेंड्या झाडणारी अशी मी एकटीच निघाले.

अंगद, म्हणजे माझा नवरा, दुधाची गाडी चालवतो. तो लगेच हो म्हणाला. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, काही पटेना.

"फुगे इकायचे का?"

"इकायचे न्हाई आत्या, सोडायचे."

"आन मग परत कोन आनतंय?"

"कुणीच न्हाई."

"मग ह्याला काम कावून म्हनायचं?" असं म्हणून त्या भाकरी थापायला लागल्या.

मामा म्हणजे सासरे. त्यांना काय वाटलं हे कळायला मार्ग नाही, कारण ते माझ्याशी बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही. सासऱ्यानं सुनेशी तोंडावर बोलू नये असा जुना रिवाज. आता भावकीत कुणी पाळत नाही, मामा पाळतात. घरात शिरताना दारात खाकरतात, मी पदर सावरला की मग आत येतात. मला काही सांगायचं असेल तर ढवळीला सांगतात. ढवळी ही आमच्या कळपातली सगळ्यात म्हातारी मेंढी. "ढवळे, चहा लई गोड झालाय आज," म्हणजे माझ्या हातून साखर जास्त पडली. "ढवळे, लाईट जळायलीच की," म्हणजे मी बटण बंद करायला विसरले. त्या मेंढीनं मला इतकं काही ऐकवलंय की कधीकधी वाटतं, खरी सासू तीच.

आज अंगणात तिच्या लोकरीतली कुसळं काढत मामा म्हणाले, "ढवळे, पाच वाजता अंधार असतो गं." एवढंच. म्हणजे नोकरी पसंत नाही.

५ एप्रिल

पहिला फुगा सोडला. पांढरा, आमच्या चुलीच्या खोलीत मावणार नाही एवढा. खाली दोरीला एक डबी बांधलेली असते. ती वर जाता जाता थंडी किती, ओल किती, वारा कुठला, हे सगळं मॅडमच्या लॅपटॉपवर पाठवत राहते. फुगा पार वर जाऊन फुटतो आणि डबी कुठंतरी पडते. हात सोडला तेव्हा मी चक्क ओरडले. मॅडम हसल्या.

मामा मैदानाच्या कडेला मेंढरं घेऊन उभे. पहाटे पाच वाजता कुठली मेंढरं चरतात? निम्मी तर उभ्या उभ्या पेंगत होती. म्हणजे सून कुणाशी बोलते, कशी हसते, ते बघायला आले. मी त्यांच्याकडं पाठ करून काम केलं.

९ एप्रिल

रोज तेच. मी घरातून निघते, आणि वीसेक पावलं मागं ढवळीच्या गळ्यातली घंटी वाजत येते. अंगदला म्हटलं, "मामाला माझा भरवसा न्हाई." तो म्हणाला, "अगं म्हातारा हाय, झोप लागत न्हाई त्येला." नवऱ्यांना स्वतःच्या बापाचं काही दिसत नाही.

आज मॅडमनी ग्राफ वाचायला शिकवला. मला शिकवताना त्या घाई करत नाहीत, हे मला फार आवडतं. म्हणाल्या, जमिनीजवळची हवा तापली की हलकी होऊन वर जाते. वर सगळं थंड मिळत गेलं तर ती जातच राहते, त्याचे ढग होतात. याला अस्थिर वातावरण म्हणायचं. पण मध्ये एखादा उबदार थर आडवा आला, तर खालून आलेली हवा तिथं अडते. हे स्थिर.

मी म्हटलं, "म्हणजे स्थिर असलं की वादळ नाही."

"तिथंच सगळे फसतात," मॅडम म्हणाल्या. थर अगदीच हलका असला तर सकाळपासून लहान लहान ढग होतात, इकडे चार थेंब, तिकडे चार थेंब, आणि सगळा जोर असाच वाटून संपतो. थर फारच पक्का असला तर दिवसभर काहीच होत नाही. पण थर बऱ्यापैकी पक्का, खाली ओल भरपूर आणि ऊन कडक, असं तिन्ही जमलं तर खालची हवा कोंडून राहते. दुपार कलेपर्यंत आभाळ कोरं करकरीत. आणि मग थर कुठंतरी फाटतो आणि साठलेलं सगळं एकाच जागेवरून वर जातं. मोठ्या गारा अशाच दिवशी पडतात.

मी वहीत सगळं लिहून घेतलं. कॉलेज सुटल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

१४ एप्रिल

सकाळीच कापसासारखे ढग, दहा वाजता दहा थेंब, खेळ संपला. सकाळच्या ग्राफवरून मी हेच म्हटलं होतं! मॅडमनी माझ्या हातावर टाळी दिली.

शाळेसमोर सुग्रीवभाऊंचं चहाचं हॉटेल आहे. आता तिथली माणसं मला अडवून विचारतात, "काय म्हनतोय फुगा?" मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की आपण फक्त माहिती गोळा करतो, अंदाज सांगणारं खातं वेगळं आहे. पण गावाला नुसतं "माहिती नाही" कसं सांगायचं? मी हॉटेलबाहेरच्या फळ्यावर रोज एक ओळ लिहायला सुरुवात केली. मॅडमनी बघितलं, काही बोलल्या नाहीत. सुग्रीवभाऊ ती ओळ गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवतात. मामांना वाचता येत नाही, ते पण ऐकतात म्हणे.

सुग्रीवभाऊ म्हणाले, "वयनी, सोप्प्या भाशेत लिवा." मला राग आला. मी काय इंग्रजीत लिहिते? पुस्तकातला शब्द आहे तो लिहायचा. आज लिहिलं, "वातावरण अस्थिर." लोक जरा घाबरले. अस्थिर म्हटल्यावर सरकार पडल्यासारखं वाटत असेल. पण पडले दहाच थेंब.

१८ एप्रिल

ढवळीमार्फत निरोप: "ढवळे, फुगा वर गेल्यावर त्येला आपली मेंढरं दिसत असतील का गं?" मी भांडी घासता घासता म्हटलं, "ढवळे, त्याला डोळे नसतात, नुसतं अंग असतं. थंडी-ऊन कळतं." मामा बराच वेळ मान हलवत होते. मग म्हणाले, "ढवळे, तुझ्यागतच की."

मला हसू आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी तांब्या घेऊन उठले.

२१ एप्रिल, सकाळ

मॅडम बाकीच्यांना घेऊन दोन दिवस पुण्याला गेल्यात. आज ग्राफ मी एकटीनं वाचला. दीड किलोमीटरवर गेलं की तापमान उतरायला हवं, ते उलट तीन अंशांनी चढलंय. एवढा ठळक उबदार थर आजवर दिसला नव्हता. फळ्यावर झोकात लिहिलं: "आज वातावरण स्थिर."

मॅडमना फोटो पाठवला. शाबासकीची वाट बघतेय.

२२ एप्रिल, बीड

दवाखान्याच्या जिन्यावर बसून लिहितेय. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल दुपारी एकला मॅडमचा फोन आला. शाबासकीचा नव्हता. "ओल किती आहे पाहिलीस का? दुपारचा फुगा सोड, लगेच." एकटीनं फुगा भरून सोडेपर्यंत अडीच वाजले. सकाळी एवढा जाड दिसणारा थर उन्हानं खालून खाऊन टाकला होता, नखाएवढा उरला होता. त्याच्यावर पार वरपर्यंत गारठा. मी तो ग्राफ बघितला आणि बाहेर धावले. बाहेर आभाळ निळंशार. वाऱ्याची झुळूक नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी पश्चिमेला एकच ढग उठला, आणि मी त्याच्याकडं बघत असतानाच तो वाढत गेला.

मी हॉटेलाकडं पळाले. "मामा कुठं हायेत?"

"त्ये तर सकाळीच मोठ्या माळावर गेलते," सुग्रीवभाऊ म्हणाले. मोठा माळ म्हणजे गावापासून दीड तासाची चाल, सगळा उघडा, आडोसा म्हणजे विहिरीवरची पाण्याच्या मोटारीची एवढीशी खोली. आभाळाची शंका असली की मामा तिकडे मेंढरं कधीच नेत नाहीत.

"आज कावून नेली?"

"तुमीच लिवलंय की, स्थिर हाय म्हनून." सुग्रीवभाऊ फळ्याकडं बघायला लागले. "त्यांनी इचारलं, स्थिर म्हंजी काय रे? म्या म्हनलं, चांगलं. मागल्या साली साखराबाईला साप चावल्ता, तवा डाक्टर काय म्हनला? प्रकृती स्थिर. आन आठ दिवसात घरी आली का न्हाई?"

मी मामांना फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"मामा, मी शिवकन्या."

पलीकडं मेंढरांचा आवाज. मग, "ढवळे, फोन आलाय गं."

"मामा, ढवळीला न्हाई, तुमाला बोलायले मी. वादळ यायलंय. मेंढरं तितंच सोडा आन मोटारीच्या खोलीत जाऊन बसा. झाडाखाली थांबू नका. ऐकायलेत का?"

"ढवळे, सांग तिला, आभाळ तर साफ हाय. आन फळ्यावर बी..."

"फळ्यावर मी चुकीचं लिवलंय!" मी रस्त्यात उभी राहून ओरडले. "मामा, पाया पडते, चला!"

फोन कट झाला, त्यांनी केला की आपोआप, माहीत नाही. अंगद दुधाची गाडी घेऊन आला. आम्ही निघालो तेव्हा अर्धं आभाळ काळं होतं. वाटेत गारा सुरू झाल्या, लिंबाएवढ्या. समोरची काच फुटली. रस्ता दिसेना म्हणून वीस मिनिटं थांबावं लागलं. ती वीस मिनिटं मी काय केलं ते मला आठवत नाही. अंगद म्हणतो, मी सारखी "थांबा, थांबा" म्हणत होते.

माळ पांढरा झाला होता. मोटारीच्या खोलीचं दार बंद, आतून कोकरांचा नुसता कालवा. मामांनी आत कोकरं भरली होती, गाभण मेंढ्या भरल्या होत्या, आणि स्वतःला जागा उरली नाही म्हणून बाहेर बसले होते. वाऱ्यानं दार उघडू नये म्हणून पाठ दाराला लावलेली. डोक्यावर घोंगडी, ती रक्तानं भिजलेली. मांडीवर ढवळीचं डोकं. ती गेली होती.

"मामा!" मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग खाली ढवळीकडं बघितलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही.

नऊ मेंढ्या गेल्या. मामांच्या गळ्याजवळचं हाड मोडलंय, डोक्याला अकरा टाके. आज सकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "काळजी करू नका, प्रकृती स्थिर आहे." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आत्यांनी हात जोडले. मी मात्र डॉक्टरांच्या मागं गेले आणि विचारलं, "स्थिर म्हणजे कधीपर्यंत? दुपारपर्यंत?" त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

२५ एप्रिल, बीड

मामा अंगदशी बोलतात, आत्यांशी बोलतात, शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी त्याच्या म्हशीबद्दल बोलतात. मी गेले की गप्प. पूर्वी निदान आडून काही तरी ऐकू यायचं. आता मी पेज घेऊन जाते, ते पितात, भिंतीकडं तोंड करतात.

आज धीर करून म्हटलं, "मामा, माझ्यामुळं झालं हे." ते काही तरी बोलणार असं वाटलं. त्यांनी खाटेखाली बघितलं, दाराकडं बघितलं, काही शोधल्यासारखं. मग डोळे मिटले. रागच तो. असायलाच हवा.

आत्यांना सांगितलं तर त्या डोळे पुसत म्हणाल्या, "त्यांची बोलायची जागाच गेली गं." मी घाबरले, जबड्याला मार लागलाय की काय. डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, जबडा एकदम ठीक आहे.

२९ एप्रिल

मामा घरी आले. हात गळ्यात अडकवलेला, बाजेवर बसून असतात. उरलेली मेंढरं अंगदचा चुलतभाऊ नेतो. मॅडम परत आल्यात, म्हणून मी कामावर जाते, दुसरं काय करू.

एक नवीनच त्रास. पहाटे शाळेच्या वाटेवर पाच-सहा मोकाट कुत्री अंगावर येतात. आज साडीचा काठ धरला. दगड मारून सुटले. महिनाभर याच वाटेनं जातेय, ही कुत्री कधी दिसली नव्हती. गारपिटीनंतर कुठून तरी आली असतील. घरी सांगितलं तर मामा बाजेवरून उठून उभेच राहिले, आणि आत्यांनी त्यांना दरडावून परत बसवलं.

१ मे

मॅडमना म्हटलं, मी काम सोडते. त्यांनी लॅपटॉप बंद केला.

"फळा मी बघत होते, शिवकन्या. तुला थांबवायला तरी हवं होतं, नाहीतर नीट शिकवायला तरी. मी दोन्ही केलं नाही." मग म्हणाल्या, "आमच्या भाषेत तुझा शब्द बरोबर होता. त्या भाषेत गावात कुणी बोलत नाही, एवढंच." मी उद्याच्या फुग्याची दोरी मोजायला घेतली.

संध्याकाळी आत्या चुलीवर दूध तापवत होत्या. मी शेजारी बसून रडत होते. त्या म्हणाल्या, "रडू नगं, नीट सांग मला, झालं काय वर?" मी सांगितलं. खाली तापतं, वर जायला बघतं, मध्ये थर असतो, तो दाबून धरतो, वरून सगळं शांत दिसतं, आणि थर फाटला की एकदम.

आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी अजून दुसरीत आहे.

"म्हंजी साय म्हन की! साय धरली की दूध कसं गपगार दिसतं. बाईनं जरा पाठ फिरवली का सगळं चुलीत. ह्येला एवढी पुस्तकं कशाला लागत्यात?"

मी रडायची थांबले. वहीत लिहून घेतलं: साय. बाजेवर मामा जागेच होते, पण माझ्याकडं बघत नव्हते.

४ मे

सुग्रीवभाऊ म्हणाले, "काल मामा आलते. हात झोळीत, तरी चालत. इथं बसून आल्यागेल्याला सायीचं सांगत होते. खाली गरम, वर साय. शेजारच्या धारवंट्याचे मेंढके आलते, त्यांनाबी सांगितलं. चहा तसाच निवला बगा त्यांचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात माझ्याशी एक शब्द नाही, आणि चारचौघांत बसून माझी चूक सगळ्यांना सांगतात. तो त्यांचा हक्कच आहे म्हणा. नऊ मेंढ्या त्यांच्या गेल्या.

६ मे, संध्याकाळ

आजचं आजच लिहायचं.

पहाटेचा ग्राफ उघडला. तीच ओल, तसाच थर, त्या दिवसापेक्षा जाड. मॅडमनी तालुक्याला फोन करून कळवलं. मग माझ्याकडं बघितलं, फळ्याचं नाव काढलं नाही.

मी खडू घेऊन हॉटेलासमोर उभी राहिले. दहाएक माणसं होती. गप्प बसावं, असं फार वाटलं. लिहिलं नाही तर चूक होत नाही. मग मोटारीच्या खोलीचं दार डोळ्यांसमोर आलं आणि मी लिहिलं: "आज आभाळात जाड साय आहे. दुपारी तीननंतर फाटली तर जोरात उतू जाईल. मेंढरं, गुरं माळावर नेऊ नका."

सुग्रीवभाऊंनी वाचलं. कुणीच अर्थ विचारला नाही.

मेंढरं ठेवायची कुठं हा प्रश्न होता. गावात पत्र्याचे आडोसे, त्या दिवशी सगळे फाटलेले. मुख्याध्यापक सुंदरराव सरांनी, सुट्टी आहे म्हणून, शाळेच्या सगळ्या खोल्या उघडून दिल्या. दुपारी दोनपर्यंत गावातले नऊ कळप वर्गांत. सहावीच्या वर्गात आमची. सातवीच्या फळ्यावर अपूर्णांक, खाली शेळ्या. पाऊण गाव व्हरांड्यात बसून पश्चिमेकडं बघत होतं.

तीन वाजले. चार वाजले. पश्चिमेकडून उंचावर पातळ पांढरे ढग आले आणि ऊन मऊ पडलं. मॅडम हळूच म्हणाल्या, "तापलंच नाही पुरेसं. बहुतेक फाटणार नाही." साडेपाचचा फुगा सोडला. थर तसाच, धडधाकट. साय फाटली नाही. साधी वावटळसुद्धा आली नाही. सूर्य बुडाला, तो पण अगदी छान, लाल होऊन.

लोक उठले. कुणी रागावलं नाही, ते फार वाईट होतं. कुणी म्हणालं, "मेंढरं उपाशी राह्यली दिवसभर." कुणी म्हणालं, "आवंदा सहावीचा वर्ग पास हुनार बगा, मेंढरं शिकून गेलेत." सगळे हसले. मी पण हसल्यासारखं केलं. एकदा नको तेव्हा शांत राहायला सांगितलं, एकदा नको तेव्हा घाबरवलं. आता तिसऱ्यांदा कोण ऐकणार? आणि तिसऱ्यांदा खरंच आलं तर?

सगळे गेल्यावर मी झाडू घेऊन सहावीच्या वर्गात गेले. लेंड्या झाडता झाडता रडू आवरेना. एकटीच होते, म्हणून आवरलंही नाही.

दारात खाकरल्याचा आवाज आला. मी पदर सावरला. मामा आत आले. त्यांनी बरोबर कुणाला आणलं नव्हतं. एका हातानं कोपऱ्यातला दुसरा झाडू उचलला आणि खिडकीकडून झाडायला लागले. एका हातानं कुठं नीट झाडता येतं, लेंड्या जिथल्या तिथंच राहत होत्या. मी म्हटलं, "राहू द्या मामा, मी करते." ते ऐकेनात. बराच वेळ दोघंही झाडत होतो.

मग त्यांचा झाडू थांबला. ते बाकाकडं बघत होते, खिडकीकडं बघत होते. आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. सरळ, तोंडाकडं.

"पोरी," मामा म्हणाले.

मी झाडू खाली ठेवला.

"उद्या बी सांग."

मी म्हटलं, "आणि उद्याही नाही आलं तर?"

"तर न्हाई आलं." ते परत झाडायला लागले. "मेंढरं परवाच्याला बी चरत्यात. तू रोज सांग."

 मी नुसती मान हलवली. ते बघत नव्हते, खाली वाकून झाडत होते, म्हणून मग मोठ्यानं म्हटलं, "हो, मामा."